मोबाइल अ‍ॅप विकासासाठी संगणकाची निवड

मोबाइल अ‍ॅप विकास म्हणजे स्मार्टफोन व टॅबलेट यांवर चालणाऱ्या आज्ञावली लिहिणे, तपासणे आणि वितरित करणे. या आज्ञावली वापरल्या जातात फोनवर; परंतु त्या लिहिल्या व बांधल्या जातात संगणकावर. त्यामुळे हे काम शिकू इच्छिणाऱ्यापुढे पहिला प्रश्न संगणकाच्या निवडीचा असतो. विद्यार्थी, स्वयंशिक्षित विकासक आणि लहान व्यावसायिक यांना अशी खरेदी अनेकदा चार-पाच वर्षांतून एकदाच करता येते. आजच्या अनेक लॅपटॉपमध्ये रॅम मुख्य पटलावर कायमची जोडलेली असल्याने चुकलेली निवड नंतर दुरुस्तही करता येत नाही. या कारणाने किंमत आणि उपयुक्तता यांचा मेळ घालताना कोणत्या घटकावर खर्च करावा व कोणत्या घटकावर टाळावा, हे माहीत असणे महत्त्वाचे ठरते. सर्वसाधारणपणे रॅम, एसएसडी आणि प्रोसेसर हा प्राधान्यक्रम मानला जातो. स्वतंत्र ग्राफिक्स कार्डाची गरज बहुतेक अ‍ॅपसाठी भासत नाही.

पार्श्वभूमी

ॲपल कंपनीचा आयफोन २००७ मध्ये बाजारात आला. त्यासाठी अ‍ॅप लिहिण्याची साधने २००८ च्या मार्च महिन्यात जाहीर झाली आणि त्याच वर्षी जुलैमध्ये ‘अ‍ॅप स्टोअर’ सुरू झाले. गूगलने अँड्रॉइडची घोषणा नोव्हेंबर २००७ मध्ये केली. अँड्रॉइडवर चालणारा पहिला फोन ‘एचटीसी ड्रीम’ २००८ मध्ये विक्रीस आला.

आरंभी अँड्रॉइडची अ‍ॅप ‘एक्लिप्स’ या संपादन-प्रणालीत लिहिली जात. २०१३ मध्ये गूगलने जेटब्रेन्स कंपनीच्या ‘इंटेलिजे आयडिया’वर आधारलेला ‘अँड्रॉइड स्टुडिओ’ जाहीर केला व डिसेंबर २०१४ मध्ये त्याची पहिली स्थिर आवृत्ती आली. त्याबरोबर ‘ग्रेडल’ ही बांधणी-प्रणालीही प्रचारात आली. ही साधने अधिक समर्थ होती, तशीच ती संगणकाकडून अधिक मागणी करणारीही होती. पुढे कॉटलिन भाषेचा स्वीकार झाला, तयार ग्रंथालयांचा वापर वाढला आणि आभासी फोनही सुधारत गेले. परिणामी, एके काळी ४ जीबी रॅमच्या संगणकावर होणारे काम आज त्या यंत्रावर जवळपास अशक्य झाले आहे.

संगणकावर पडणारा भार

अ‍ॅप लिहिताना संगणकावर एकाच वेळी अनेक कामे चालू असतात. संपादन-प्रणाली लिहिलेला प्रत्येक शब्द तपासत असते. बांधणी-प्रणाली मूळ मजकूर, चित्रे व ग्रंथालये एकत्र करून फोनला समजेल असे रूप तयार करते. एम्युलेटर, म्हणजे संगणकाच्या पडद्यावर चालणारा आभासी फोन, स्वतःची संपूर्ण कार्यप्रणाली चालवत असतो. शिवाय माहिती शोधण्यासाठी ब्राउझर उघडा असतोच.

या भाराचा स्थूल हिशेब असा मांडता येतो. विंडोज कार्यप्रणाली सुमारे ३ ते ४ जीबी रॅम वापरते. अँड्रॉइड स्टुडिओला साधारण २ जीबी लागते. नव्या प्रकल्पात ग्रेडलसाठी मुळातच २ जीबीपर्यंतची मर्यादा राखून ठेवलेली असते. एम्युलेटरला २ ते ४ जीबी आणि ब्राउझरला १ ते २ जीबी लागते. ही बेरीज १० जीबीच्या पुढे जाते. रॅम अपुरी पडली, की कार्यप्रणाली उरलेला मजकूर डिस्कवर हलवू लागते आणि संगणक रेंगाळतो. अशा वेळी प्रोसेसर कितीही वेगवान असला तरी त्याचा उपयोग होत नाही. प्राधान्यक्रमात रॅम पहिली येण्याचे कारण हेच आहे.

लक्ष्य प्रणालीनुसार निवड

अँड्रॉइड

अँड्रॉइडसाठीची अ‍ॅप विंडोज, लिनक्स व मॅकओएस या तिन्ही कार्यप्रणालींवर तयार करता येतात. भारतातील बहुसंख्य स्मार्टफोन अँड्रॉइडवर चालणारे असल्याने कमी खर्चात आरंभ करू इच्छिणाऱ्यांसाठी हा मार्ग स्वाभाविक ठरतो. अँड्रॉइड स्टुडिओच्या अलीकडील आवृत्त्यांसाठी गूगलने ८ जीबी रॅम ही किमान मर्यादा, एम्युलेटरसह १६ जीबी आणि शिफारस म्हणून ३२ जीबी असे निकष दिले आहेत. व्यवहारात १६ जीबी हा किफायतशीर मध्यबिंदू आहे.

आर्म प्रोसेसरवर चालणारे विंडोज लॅपटॉप तसेच रास्पबेरी पायसारखे छोटे संगणक स्वस्त किंवा आकर्षक वाटले, तरी अँड्रॉइड स्टुडिओचा आधार मुख्यतः इंटेल व एएमडी प्रोसेसरांना आणि ॲपलच्या मॅक संगणकांना राहिलेला आहे. अशी यंत्रे घेण्यापूर्वी अधिकृत निकष पाहणे आवश्यक असते.

आयफोन व आयपॅड

आयफोनसाठी अ‍ॅप बांधण्याचे साधन ‘एक्सकोड’ हे केवळ मॅकओएसवर चालते आणि मॅकओएसचा परवाना ॲपलच्या यंत्रांपुरताच मर्यादित आहे. त्यामुळे येथे मॅक संगणकाला पर्याय नाही.

ॲपलने जून २०२० मध्ये इंटेलचे प्रोसेसर सोडून स्वतःचे प्रोसेसर वापरण्याची घोषणा केली. नोव्हेंबर २०२० मध्ये ‘एम१’ प्रोसेसरचे पहिले मॅक बाजारात आले. त्यानंतर जुन्या इंटेल मॅकच्या किमती उतरल्या आणि ते वापरलेल्या वस्तूंच्या बाजारात स्वस्तात मिळू लागले. तथापि मॅकओएसची ‘टाहो’ ही २६ क्रमांकाची आवृत्ती इंटेल मॅकसाठी शेवटची असल्याचे ॲपलने २०२५ मध्ये जाहीर केले, आणि तीही निवडक इंटेल मॅकवरच चालते. एक्सकोडच्या नव्या आवृत्त्यांना मॅकओएसच्या नव्या आवृत्त्या लागतात, तर अ‍ॅप स्टोअरवर अ‍ॅप सादर करण्यासाठी ॲपल ठराविक काळाने एक्सकोडची नवी आवृत्ती अनिवार्य करते. या साखळीमुळे आज स्वस्तात घेतलेला इंटेल मॅक अल्पावधीतच अ‍ॅप प्रकाशित करण्यास असमर्थ ठरतो.

नव्या यंत्रांपैकी ‘मॅक मिनी’ हा सर्वांत कमी किमतीचा पर्याय राहिला आहे. २०२४ मध्ये आलेल्या एम४ प्रोसेसरच्या मॅक मिनीची भारतातील आरंभीची किंमत ५९,९०० रुपये होती व त्याच्या मूळ प्रतिमानात १६ जीबी रॅम होती. पडदा, कळफलक व माउस वेगळे घ्यावे लागतात. घरात ते आधीच असतील तर खर्च बराच वाचतो. वापरलेला एम१ मॅक घेताना त्याची रॅम ८ जीबी आहे की १६ जीबी, हे पाहणे महत्त्वाचे असते, कारण ती नंतर वाढवता येत नाही. २५६ जीबी साठवणही एक्सकोड व त्याच्या आभासी फोनांमुळे लवकर भरते; ती बाहेरून एसएसडी जोडून काही अंशी वाढवता येते.

दोन्ही प्रणालींसाठी

‘रिॲक्ट नेटिव्ह’ (२०१५) व ‘फ्लटर’ (पहिली स्थिर आवृत्ती डिसेंबर २०१८) यांसारख्या चौकटींमुळे एकाच मूळ मजकुरातून अँड्रॉइड व आयफोन या दोहोंसाठी अ‍ॅप तयार करता येते. यामुळे मॅकची गरज संपते, असा एक सार्वत्रिक गैरसमज आहे. प्रत्यक्षात मजकूर कोणत्याही संगणकावर लिहिता येत असला, तरी आयफोनसाठीची अंतिम बांधणी मॅकवरच करावी लागते. हा मॅक स्वतःचा असण्याची मात्र गरज नाही. इंटरनेटद्वारे दूरच्या मॅकवर बांधणी करून देणाऱ्या सेवा उपलब्ध असून, अधूनमधून बांधणी करणाऱ्याला त्या यंत्रखरेदीपेक्षा स्वस्त पडतात.

घटकांची निवड

रॅम

१६ जीबी हे प्रमाण समाधानकारक मानले जाते. बाजारातील अनेक स्वस्त लॅपटॉपमध्ये ८ जीबी रॅम असते. अशा वेळी ती वाढवता येते का, हा प्रश्न किमतीपेक्षाही महत्त्वाचा ठरतो. ज्या लॅपटॉपमध्ये रॅमसाठी मोकळा खाचा असतो, तो ८ जीबीसह घेऊन नंतर पट्टी बसवता येते. ज्यात रॅम पटलावर जोडलेली असते व खाचा नसतो, तो कायम ८ जीबीचाच राहतो. जाहिरातीत हा भेद बहुधा स्पष्ट नसतो. तो उत्पादकाच्या तपशीलपत्रात पाहावा लागतो. एकाच पट्टीपेक्षा समान क्षमतेच्या दोन पट्ट्या बसवल्यास मेमरीशी होणारी देवघेव अधिक वेगाने होते.

साठवण

फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क आणि एसएसडी यांतील फरक अ‍ॅप विकासात तीव्रतेने जाणवतो. बांधणी करताना हजारो लहान फायली वाचाव्या व लिहाव्या लागतात आणि याच कामात हार्ड डिस्क सर्वांत मंद असते. साटा जोडणीची एसएसडी सेकंदाला सुमारे ५५० एमबीपर्यंत वेग देते, तर एनव्हीएमई प्रकारची त्याच्या कित्येक पट. हार्ड डिस्ककडून कोणत्याही एसएसडीकडे जाणे ही मोठी झेप आहे. साटाकडून एनव्हीएमईकडे जाण्याने दैनंदिन कामात पडणारा फरक त्या मानाने लहान असतो. मर्यादित खर्चात २५६ जीबी चालते, परंतु अँड्रॉइडची साधने, आभासी फोन व बांधणीच्या साठवलेल्या फायली मिळून अनेक दशक जीबी जागा व्यापतात. म्हणून ५१२ जीबी श्रेयस्कर असते. अतिस्वस्त लॅपटॉपमधील ‘ईएमएमसी’ साठवण मंद असते आणि ती सहसा बदलताही येत नाही, त्यामुळे ती टाळणे योग्य ठरते.

प्रोसेसर

प्रोसेसरच्या नावावरून त्याची क्षमता नेहमीच कळत नाही. ‘आय५’ किंवा ‘रायझन ५’ ही केवळ श्रेणीची नावे असून, पिढी व गाभ्यांची संख्या स्वतंत्रपणे पाहावी लागते. इंटेलच्या लॅपटॉपमधील आय५-७२००यू या सातव्या पिढीच्या प्रोसेसरात दोन गाभे होते, तर आठव्या पिढीच्या आय५-८२५०यू मध्ये चार. एएमडीच्या रायझन ५ ७५२०यू मध्ये ‘झेन २’ या जुन्या रचनेचे चार गाभे आहेत, तर केवळ एका अंकाने वेगळ्या दिसणाऱ्या रायझन ५ ७५३०यू मध्ये ‘झेन ३’चे सहा. दुकानातील फलकावर दोन्ही ‘रायझन ५’च असतात.

चार गाभे हे आजचे व्यवहार्य किमान व सहा गाभे समाधानकारक प्रमाण मानता येते. सेलेरॉनसारखे कमी शक्तीचे प्रोसेसर वाचन-लेखनाला पुरे पडत असले, तरी बांधणीच्या कामात अपुरे ठरतात. एम्युलेटर चालवायचा असल्यास प्रोसेसरात आभासीकरणाची सोय असावी लागते. ती बहुतेक आधुनिक प्रोसेसरांत असते, परंतु काही संगणकांत ती बायोसमध्ये बंद ठेवलेली आढळते. एम्युलेटर अतिमंद चालत असल्यास नवा संगणक घेण्याचा विचार करण्याआधी ही सोय चालू आहे का, ते पाहावे.

ग्राफिक्स, पडदा आणि कळफलक

साध्या अ‍ॅपसाठी प्रोसेसरमधील अंगभूत ग्राफिक्स पुरेसे असते. ‘गेमिंग’ लॅपटॉपच्या किमतीतील मोठा भाग ग्राफिक्स कार्डाचा असतो. त्रिमितीय खेळ बनवायचे नसतील तर तीच रक्कम रॅम व एसएसडीवर खर्च करणे अधिक हिताचे. पडद्याचे विभेदन १९२० बाय १०८० असावे, कारण त्याहून कमी विभेदनात मजकूर व आभासी फोन शेजारी-शेजारी मावत नाहीत. दीर्घकाळ टंकलेखन करावे लागत असल्याने कळफलकाची गुणवत्ताही दुर्लक्षिण्याजोगी नाही.

एम्युलेटर आणि प्रत्यक्ष फोन

खर्च वाचवण्याचा सर्वांत परिणामकारक उपाय संगणकात नसून बहुधा विकासकाच्या खिशातच असतो. कोणताही अँड्रॉइड फोन यूएसबी तारेने संगणकाला जोडून त्यावर अ‍ॅप तपासता येते. त्यासाठी फोनच्या सेटिंगमध्ये ‘बिल्ड नंबर’वर सात वेळा टिचकी मारून विकासकासाठीचे पर्याय उघडावे लागतात व ‘यूएसबी डिबगिंग’ चालू करावे लागते. अँड्रॉइड ११ पासून हीच जोडणी वाय-फायवरूनही करता येते. फोनचा पडदा संगणकावर पाहण्यासाठी ‘एससीआरसीपीवाय’ हे मुक्त साधन वापरले जाते.

एम्युलेटर न चालवल्याने २ ते ४ जीबी रॅम मोकळी राहते. म्हणूनच केवळ ८ जीबीचा संगणक असणाऱ्यालाही, ब्राउझरचा वापर आवरता ठेवल्यास, शिकण्यास आरंभ करता येतो. प्रत्यक्ष फोनवरील चाचणी अधिक विश्वसनीयही असते. कॅमेरा, स्थानदर्शन, बॅटरीचा खर्च व मंद इंटरनेट यांचा खरा अनुभव तेथेच येतो. मराठी अ‍ॅपच्या बाबतीत देवनागरी जोडाक्षरे, रफार व ओळींची उंची वेगवेगळ्या फोनांवर नीट दिसते का, हेही त्यामुळे तपासता येते. या कामी घरातील जुना, कमी क्षमतेचा फोन विशेष उपयोगी पडतो: त्यावर सुरळीत चालणारे अ‍ॅप नव्या फोनवर सहसा अडत नाही.

आयफोनच्या बाबतीत ॲपलचे विनामूल्य खाते वापरून स्वतःच्या फोनवर अ‍ॅप चालवता येते, परंतु ते सात दिवसांनी पुन्हा उतरवावे लागते.

नूतनीकृत व वापरलेले संगणक

मोठ्या कंपन्या आपले लॅपटॉप व संगणक काही वर्षांनी बदलतात. ही यंत्रे तपासून व दुरुस्त करून पुन्हा विकली जातात. मुंबईतील ग्रँट रोडजवळचा लॅमिंग्टन रोड (डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग), दिल्लीतील नेहरू प्लेस व बंगळूरमधील एस. पी. रोड या संगणकांच्या परिचित बाजारपेठा आहेत. लेनोवोची थिंकपॅड, डेलची लॅटिट्यूड व एचपीची एलिटबुक या कार्यालयीन मालिका मजबूत बांधणीसाठी ओळखल्या जातात. त्यांच्या अनेक प्रतिमानांत रॅम व एसएसडी बदलता येतात.

इंटेलची आठवी पिढी ही या बाजारातील महत्त्वाची सीमारेषा आहे. या पिढीपासून लॅपटॉपमधील नेहमीच्या आय५ प्रोसेसरांत चार गाभे आले आणि विंडोज ११ चा अधिकृत आधारही साधारणतः याच पिढीपासून सुरू होतो. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्याने त्याआधीच्या पिढ्यांची यंत्रे विंडोजसाठी घेणे हितावह नाही.

कार्यालयांतील लहान आकाराचे डेस्कटॉप हा आणखी स्वस्त पर्याय आहे. लॅपटॉपच्या तुलनेत त्यांत त्याच पिढीचे अधिक गाभे मिळतात: आठव्या पिढीच्या आय५ डेस्कटॉप प्रोसेसरात सहा गाभे आहेत. मात्र त्यांना बॅटरी नसते. वीज वारंवार खंडित होणाऱ्या भागात यूपीएसचा खर्च त्यांच्या किमतीत धरावा लागतो. लॅपटॉपला ही सोय अंगभूत असते.

वापरलेले यंत्र घेताना पुढील बाबी तपासल्या जातात:

• बायोसला परवलीचा शब्द घातलेला नसावा.
• यंत्र पूर्वीच्या कंपनीच्या दूरनियंत्रण व्यवस्थेशी जोडलेले नसावे. मॅकच्या बाबतीत पूर्वीच्या मालकाचे ‘ॲक्टिव्हेशन लॉक’ काढलेले असावे. अन्यथा यंत्र निरुपयोगी ठरू शकते.
• एसएसडीचे शिल्लक आयुष्य व बॅटरीची उरलेली क्षमता पाहावी.
• सर्व यूएसबी खाचे, कळफलकाच्या सर्व कळा, वाय-फाय व बिजागऱ्या चालवून पाहाव्यात.
• पावती व लेखी हमी घ्यावी. पावतीवर यंत्राचा अनुक्रमांक नोंदलेला असावा.

असलेल्या संगणकाची सुधारणा

घरात पाच-सात वर्षांपूर्वीचा संगणक असल्यास नवा घेण्याआधी त्याची सुधारणा शक्य आहे का, हे पाहणे किफायतशीर ठरते. हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवणे व रॅम १६ जीबीपर्यंत वाढवणे या दोन बदलांनी चार गाभ्यांचा जुना संगणक पुन्हा कामास येतो. पट्टी घेण्यापूर्वी ती डीडीआर३, डीडीआर४ की डीडीआर५ प्रकारची हवी, हे तपासावे लागते. हे प्रकार परस्परांच्या खाचांत बसत नाहीत. जो संगणक विंडोज ११ साठी अपात्र आहे, त्यावर उबुंटू किंवा लिनक्स मिंट यांसारखी विनामूल्य कार्यप्रणाली टाकून अँड्रॉइड स्टुडिओ चालवता येतो.

अत्यल्प खर्चाचे मार्ग

संगणकाची क्षमता अगदीच मर्यादित असेल, तर कामाची पद्धत बदलता येते. गूगलने २०१० मध्ये सुरू केलेले व नंतर मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीकडे आलेले ‘अ‍ॅप इन्व्हेंटर’ ब्राउझरमध्ये चालते. त्यात ठोकळे जुळवून अ‍ॅप तयार होते आणि बांधणी दूरच्या संगणकावर होत असल्याने शाळेतील साधा संगणकही पुरतो. रिॲक्ट नेटिव्हवर आधारलेल्या ‘एक्स्पो’मध्ये हलक्या संपादकात मजकूर लिहून परिणाम थेट फोनवर पाहता येतो. या दोन्ही मार्गांना चांगले इंटरनेट मात्र लागते. यंत्रावर वाचलेल्या खर्चाचा काही भाग तेथे जातो.

इतर खर्च

खर्चाचा अंदाज करताना केवळ यंत्राची किंमत पाहणे पुरेसे नसते. गूगल प्लेवर अ‍ॅप प्रकाशित करण्यासाठी एकदाच २५ अमेरिकी डॉलर नोंदणीशुल्क भरावे लागते, तर ॲपलचे शुल्क वर्षाला ९९ डॉलर आहे. अँड्रॉइड स्टुडिओ, एक्सकोड, फ्लटर व रिॲक्ट नेटिव्ह ही साधने विनामूल्य आहेत. भारतात लॅपटॉपवर १८ टक्के वस्तू व सेवा कर लागतो. प्रकाशनाचे शुल्क अ‍ॅप तयार झाल्यावरच भरावे लागत असल्याने शिकण्याच्या काळात त्याचा भार पडत नाही.

मर्यादा

या निवडीचे निकष स्थिर नाहीत. साधनांच्या प्रत्येक नव्या आवृत्तीबरोबर किमान अपेक्षा वाढतात आणि रॅमच्या किमतीही बाजारातील मागणीनुसार चढ-उतार करतात. मोठ्या प्रकल्पांत, जेथे दिवसाला अनेकदा बांधणी करावी लागते, तेथे ३२ जीबी रॅम व अधिक गाभ्यांचा प्रोसेसर वेळेच्या बचतीतून आपली किंमत वसूल करतो. शिकाऊ विकासकाच्या लहान अ‍ॅपला त्याची गरज नसते. त्याच्यासाठी आज परवडणारे आणि उद्या वाढवता येणारे यंत्र अधिक उपयुक्त ठरते.

हे सुद्धा पहा

• अँड्रॉइड स्टुडिओ
• एक्सकोड
• एम्युलेटर
• रॅम
• मुक्त स्रोत आज्ञावली